वाचकांचे प्रश्न : खोलीचे कुलूप शाबूत, मंगळसूत्र मात्र गेले

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबे तारकर्लीला गेलो होतो. समुद्रात वाहून जाईल या भीतीने मी मंगळसूत्र काढून खोलीतील कपाटात ठेवले. दोन तासांनी परत आलो तेव्हा मंगळसूत्र, नऊ हजार रुपये रोख आणि यजमानांचा मोबाइल नाहीसा झाला होता. दाराचे कुलूप जसेच्या तसे होते. मालकाने ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही’ ही काउंटरवरील पाटी दाखवून हात वर केले. माझ्या जाऊबाईंना खोली झाडणाऱ्या मुलीचा संशय आला, म्हणून तिला बोलावून सर्वांसमोर तिची पिशवी पाहिली. त्यात काही सापडले नाही. मुले रडत होती, दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर व्हायचे होते, त्यामुळे तक्रार न करताच आम्ही परतलो. या गोष्टीला तीन आठवडे झाले. आता काही करता येईल का?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : तुमचे पत्र वाचून जीव हळहळला. तीन आठवडे गेले असले, तरी वेळ पूर्णपणे निघून गेलेली नाही.

सर्वांत आधी पोलिसांत फिर्याद द्या. त्यासाठी मालवणपर्यंत जाण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; कराडच्या ठाण्याने ती शून्य क्रमांकाने नोंदवून मालवणकडे पाठवायची असते. नोंदीची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि ठाण्यात नोंद करण्यास नकार मिळाला, तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, तेव्हा ही किरकोळ बाब आहे असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका. उशीर का झाला ते फिर्यादीत खरे खरे लिहा. लहान मुले आणि नोकरी ही कारणे समजण्यासारखी आहेत, परंतु ती न सांगितल्यास पुढे तोच उशीर तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

मोबाइलच्या खोक्यावर आणि बिलावर आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. फिर्यादीची प्रत हाती आल्यावर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तो क्रमांक देऊन फोन बंद पाडता येतो, म्हणजे दुसरे सिम घालूनही तो भारतातील जाळ्यावर चालत नाही. यजमानांनी जुने सिम अद्याप बंद केले नसेल, तर ते आजच बंद करावे आणि बँकेच्या खात्यावरील गेल्या तीन आठवड्यांच्या नोंदी तपासाव्यात. त्यात अनोळखी व्यवहार आढळल्यास बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.

आता त्या पाटीविषयी. पाटी लावली म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असा कायदा नाही. मात्र खोलीतून गेलेली प्रत्येक वस्तू मालकाने भरून द्यावी, असेही नाही. वस्तू कोणाच्या ताब्यात होती, यावर बरेच काही अवलंबून असते. आपण एखादी वस्तू मोजून, पावती घेऊन काउंटरवर सांभाळायला दिली, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी त्या वस्तूची घेणे मालकावर बंधनकारक होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेला एक निकाल इथे उपयोगी आहे. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्याने गाडी लावण्यासाठी किल्ली कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि १९९८ साली ती गाडी आवारातून चोरीला गेली. पावतीवर ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. गाडी ताब्यात घेतल्यानंतर आपण योग्य ती काळजी घेतली होती हे आधी हॉटेलाने दाखवले पाहिजे, आपल्या निष्काळजीपणावर त्या छापील ओळीचे पांघरूण घालता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तुमचे मंगळसूत्र मात्र तुमच्याच खोलीतील कपाटात होते आणि किल्ली तुमच्याजवळ होती, म्हणून मालकाकडून निष्काळजीपणा झाला, म्हणजे ग्राहक कायद्याच्या भाषेत सेवेत त्रुटी राहिली, हे तुम्हाला दाखवावे लागेल. त्यासाठी मालकाला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा. त्या खोलीच्या एकूण किती किल्ल्या आहेत, दुसरी किल्ली कोठे टांगलेली असते, आधीच्या एखाद्या पाहुण्याकडून किल्ली हरवल्यावर कुलूप बदलले होते का, हे त्यात विचारा आणि त्या दिवसाचे कॅमेऱ्यातील चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. लहान हॉटेलांच्या यंत्रात जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढत जाते, काही ठिकाणी तर आठ-पंधरा दिवसांतच, त्यामुळे चित्रण आता शिल्लक असेलच असे नाही. तरीही मागणी लेखी केलेली असावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. त्याची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे आणि तुमच्या खोलीच्या भाड्याएवढ्या रकमेच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. खोलीचे बिल, सोनाराची पावती आणि ती नसेल तर मंगळसूत्र स्पष्ट दिसणारे समारंभातील छायाचित्र जवळ ठेवा. आधी सल्ला हवा असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येईल.

कुलूप शाबूत होते, म्हणून तुमच्या जाऊबाईंना हॉटेलातल्याच माणसाचा संशय आला. किनाऱ्यावरील लॉजमध्ये माझ्या पाहण्यात अनेकदा आलेली एक गोष्ट त्यासाठी सांगते. तुमच्या खोलीच्या न्हाणीघराची खिडकी आठवून पाहा. कोकणात पुष्कळ ठिकाणी त्या खिडकीत काचेच्या आडव्या पट्ट्या पत्र्याच्या खाचांमध्ये नुसत्या बसवलेल्या असतात. बाहेरून खाच किंचित वाकवली, की पट्टी आवाज न होता हातात येते. अशा चार पट्ट्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या, तर सडपातळ माणूस आत येतो, आणि जाताना त्या पुन्हा बसवल्या, की दाराचे कुलूप शाबूतच राहते. मागच्या बाजूला नारळी-पोफळीची बाग असेल, तर हे कोणाच्या नजरेसही पडत नाही. तुमच्याकडे असेच घडले, असे मी म्हणत नाही. परंतु चोरी कशी झाली हे माहीत नसताना समोर सापडलेल्या मुलीची पिशवी उपडी करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे झाले. दुसऱ्याची झडती घेण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. पोलिसांनाही स्त्रीची अंगझडती स्त्रीकडूनच आणि तिची अब्रू राखून घ्यावी लागते. रोजंदारीवर राबणाऱ्या मुलीच्या गावात अशी गोष्ट संध्याकाळच्या आत घरोघर पोचते आणि तिचे काम तर जातेच, शिवाय दुसरीकडेही तिला कोणी ठेवून घेत नाही. फिर्यादीत जे पाहिले तेवढेच लिहा, संशय लिहायचाच असेल तर त्याचे कारण लिहा. आणि मालकाला पत्र पाठवाल, त्यात त्या मुलीकडे काहीही सापडले नव्हते व तिच्याविषयी आपली तक्रार नाही, हे एक वाक्य कृपा करून घाला. हे मी मनापासून मागते आहे.

प्रश्न : आम्ही चार सेवानिवृत्त शिक्षिका डिसेंबरमध्ये दक्षिण गोव्यात पाच दिवस जाणार आहोत. खोलीत आकड्यांची तिजोरी आहे. तिच्यावर विसंबावे का? इतर कोणती काळजी घ्यावी?
— नागपूर

उत्तर : तिजोरी वापरावी, पण आधी तपासून. दार उघडून तळाशी बोटे फिरवा. बोल्ट लागले नाहीत, तर ती भिंतीत बसवलेली नाही आणि आख्खी तिजोरीच कपड्यांत गुंडाळून बाहेर नेता येते. दुसरे असे, की पाहुणा आपला आकडा विसरला तर तिजोरी उघडता यावी म्हणून व्यवस्थापनाकडे एक वेगळा आकडा असतोच. काही ठिकाणी तो कारखान्यातून आला तसाच, म्हणजे सारी शून्ये, राहून गेलेला असतो. रिकाम्या तिजोरीला तुमचा आकडा लावा आणि मग सहा शून्ये दाबून पाहा. ती उघडली, तर काउंटरवर सांगा आणि पाकीट बंद करून, त्यावर सही करून, पावती घेऊन तेथे ठेवा. दागिने घरी ठेवून जाणे सर्वांत चांगले, हे तुम्हाला सांगायला नको.

सामानाच्या बॅगेला लहान कुलूप लावले म्हणजे ती बंद झाली, असा आपला समज असतो. साखळीच्या दातांमध्ये बॉलपेनचे टोक जोराने खुपसले, की ती मधूनच उकलते आणि नंतर कुलूप लावलेले सरक मागेपुढे ओढले की पुन्हा मिटते, कुलूप तसेच राहते. म्हणून बॅगेत पैसे ठेवू नका. रोख रक्कम चौघींनी वाटून घ्या आणि एक एटीएम कार्ड वेगळ्या जागी ठेवा.

तळमजल्यावरील, थेट वाळूकडे उघडणारी खोली सुंदर दिसते. तिच्या सरकत्या काचेच्या दाराची कडी बहुधा नाजूक असते, काही दारे तर उचलली तर रुळावरून निघतात. झाडूचा जुना दांडा रुळाच्या मापाचा कापून आतून आडवा टाकला, तर कडी तुटली तरी दार सरकत नाही. मी दांडा मागितला तेव्हा कोणत्याही मालकाने नाही म्हटलेले नाही. जमत असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची खोली मागा.

नोंदणीच्या वेळी आधारची प्रत मागितली तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले, केवळ शेवटचे चार आकडे दिसणारे आधार द्या. काउंटरवर खोलीचा क्रमांक कोणी मोठ्याने उच्चारला, तर दुसरी खोली मागण्यात संकोच करू नका. रात्री कोणी ‘दुरुस्तीसाठी आलो आहे’ म्हणून दार वाजवले, तर ते उघडण्याआधी आतूनच काउंटरला फोन करा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक गोव्यातही चालतो.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन मित्र भाड्याच्या स्कूटरने किनाऱ्यावर जातो. पाण्यात उतरताना मोबाइल आणि पाकिटे डिकीत ठेवणे बरे, की वाळूवर?
— पुणे

उत्तर : दोन्हीही बरे नाही. सीटचा मागचा भाग एकाने वर ओढून धरला, तर फटीतून दुसऱ्याचा हात आत जातो, आणि किनाऱ्यालगत रांगेने लावलेल्या स्कूटरांच्या डिकीत पाकिटे असतात हे चोरालाही ठाऊक असते. पाळीपाळीने एकाने वाळूवर बसावे. त्याची नजर सामानावर जशी राहते, तशी पाण्यात गेलेल्यांवरही राहते, आणि कोणी खोलवर ओढला जाऊ लागला तर जीवरक्षकाला हाक मारायला तोच उरतो. बाकी एखाद्याचा साधा फोन, थोडे पैसे आणि खोलीची किल्ली एवढेच बरोबर न्यावे.

सामान ठेवताना भरतीची वेळ स्थानिकांना विचारून घ्यावी. दापोलीजवळच्या मुरुडसारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी चढते तेव्हा ते लांबवर पसरत येते, आणि चोरीला गेली म्हणून ज्यासाठी आरडाओरडा होतो, ती पिशवी कधी कधी लाटेनेच उचललेली असते. ओल्या वाळूची आणि शेवाळाची रेषा जिथे संपते, तिच्याही बरेच वर सामान ठेवावे.

स्कूटर घेताना क्रमांकाची पाटी पाहा. भाड्याने स्वतः चालवण्यासाठी परवाना असलेल्या वाहनाला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळते, पण ती चोरीला गेली किंवा अपघात झाला, तर विम्याचे पैसे मिळण्यात अडचण येते आणि गाडीमालक सगळा खर्च तुमच्याकडून मागतो. गाडी ताब्यात घेतानाच तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र काढून मालकाला त्याच क्षणी पाठवा, आणि मूळ ओळखपत्र त्याच्याकडे ठेवू नका.