वीस मिनिटांच्या गाण्याला गुण देताना

अरे, मित्रांनी सुचवलेली मेटलची (जड गिटारांच्या रॉकची) पाच लांब गाणी एका रात्रीत ऐकून क्रमांक लावलेस? तिसऱ्यापासून कान बधिर झाले असणार. दिवसाला एकच घे.

पहिल्यांदा ऐकताना गुण देऊच नकोस. मी ड्रीम थिएटर या बँडचं २००५ चं 'ऑक्टेव्हेरियम' पहिल्यांदा ऐकलं ते द्वारकेच्या सिग्नलला अडकलेल्या बसमध्ये. चोवीस मिनिटांचं गाणं, आणि सुरुवातीची काही मिनिटं नुसते लांबलचक, तरंगणारे सूर. कंटाळून दहात पाच दिले. आठवड्याने रात्री हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा कळलं की शेवटचा चढ त्या संथपणावरच उभा आहे. बडा ख्याल ऐकताना आलापीला कंटाळवाणी म्हणतोस का? (म्हणत असशील तर बोलणंच खुंटलं.)

दुसऱ्या खेपेला वही घे. कुठली धून परत येते आणि येताना बदलते का, एवढंच लिही. मेशुगा बँडचं २००४ चं 'आय' (इंग्रजी 'I') लावशील तेव्हा बोटांवर चार मात्रा मोज. गिटार वाकडीतिकडी धावते, पण झांजेवर चारचा ठेका बहुतेक वेळ सापडतो. दोघं पुन्हा एकत्र येतात तिथे सम आल्यासारखी मान हलते.

लांबीला गुण नाहीत. एज ऑफ सॅनिटीचं 'क्रिमसन' चाळीस मिनिटांचं आहे म्हणून ते वरचं, असं नाही. जोडकाम बघ: तुकडे नुसते चिकटवलेत की एकातून दुसरा उगवतो?

आणि कर्कश गळ्याचे गुण कापू नकोस, निदान महिनाभर.