साठ माणसांचं टेक्नो मोठ्या स्टेजवर न्यायचं का?

प्रश्न : ताई, मी पुण्यातला, वय 24. आम्ही तिघं मित्र दर महिन्याला एक छोटी टेक्नो (मशीनवर बनवलेलं, सलग चालणारं नाचाचं संगीत) नाइट करतो, साठ-सत्तर लोक येतात, साऊंड भाड्याने आणतो, खर्च जेमतेम निघतो. आता एका इव्हेंट कंपनीने मोठ्या स्टेजवर 40 मिनिटांचा स्लॉट देऊ केलाय, पण मधेमधे दोन-तीन बॉलिवूड रीमिक्स टाका म्हणतायत. एक मित्र म्हणतो जायचंच नाही, अंडरग्राउंड आहे ते तसंच राहू दे. दुसरा म्हणतो, कधीतरी लोकांपर्यंत जायला नको का? मला दोघांचंही पटतं आणि डोकं नुसतं गरगरतंय. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अरे, जा. पण रीमिक्स न टाकता जा.

तुझ्या पहिल्या मित्राची तळमळ मला कळते, पण टेक्नो मूठभर लोकांनी लपवून ठेवायसाठी जन्मलंय असं कुणी सांगितलं त्याला? अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय पोरांनी ते उभं केलं, आणि सॉन्डरसनच्या इनर सिटी या ग्रुपची गाणी तर 1988 मधे ब्रिटनच्या टॉप टेनमधे वाजत होती. लोकांनी ऐकलं म्हणून काही बिघडलं नाही. बिघडतं कधी, तर चावी दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा.

बर्लिनचा लव्ह परेड, म्हणजे टेक्नोवर नाचत निघणारी मिरवणूक, बघ ना. 1989 च्या जुलैमधे दीडशेच्या आसपास माणसं रस्त्यावर नाचली, दहा वर्षांत आकडा दहा लाखांच्या वर गेला, मग 2001 ला निदर्शन म्हणून असलेली मान्यता गेली आणि साफसफाईचा खर्च आयोजकांच्या गळ्यात पडला, 2004 आणि 2005 ला पैशाअभावी परेड झालाच नाही, 2006 ला एका जिम चेनच्या मालकाने पैसा घातला, पुढच्या वर्षी परेड बर्लिन सोडून दुसऱ्या शहरांत गेला, आणि 2010 ला डुइसबुर्गमधे येण्याजाण्याच्या एकाच बोगद्याच्या वाटेवर गर्दी चेंगरून 21 जण गेले. ज्या डॉ. मोटे नावाच्या डीजेने हे सुरू केलं तो या दुर्घटनेच्या आधीच बाजूला झाला होता. हे वाचताना अजूनही माझ्या पोटात कालवतं, नाचायला घरून निघालेली पोरं होती ती.

आणि दुसरी बाजू पण बघ. डेट्रॉइटचंच अंडरग्राउंड रेझिस्टन्स हे टेक्नोवाल्यांचं टोळकं, माइक बँक्स आणि जेफ मिल्सने सुरू केलेलं, लेबल स्वतःचं, डिस्ट्रिब्युशन स्वतःचं, चेहरे झाकलेले. 1999 मधे त्यांच्या डीजे रोलँडोचा एक ट्रॅक क्लबांमधून जगभर गेला, कुणाच्या पाया न पडता. सोनीच्या जर्मनीतल्या शाखेने परवानगी न घेता त्याची हुबेहूब नक्कल करून घेतली, तेव्हा ठिकठिकाणच्या चाहत्यांनी ईमेल करकरून त्यांना भंडावून सोडलं आणि सोनीला माघार घ्यावी लागली. हे लोक लपून बसले नव्हते रे, फक्त आपल्या अटींवर बाहेर पडले होते.

आता रीमिक्सचं. मिनिटाला 130 ठोक्यांच्या स्पीडला 32 बार (एका बारात चार ठोके) म्हणजे जवळजवळ एक मिनिट होतं, आणि टेक्नोमधे त्या मिनिटात फक्त एक हाय-हॅट (ड्रमच्या झांजेचा आवाज) उघडतो, बाकी सगळं तेच. मधे ओळखीचा मुखडा घातला की लोक ओरडतील, मोबाइल वर जातील, आणि तू वीस मिनिटं जे चढवत आणलंस ते तिथेच बसेल. मग त्या हजारो लोकांपर्यंत पोचलं काय? मुखडा पोचला, तो तर आधीच पोचलेला होता.

माणसांना झेपत नाही हेही मला मान्य नाही. मागे ठाण्यात एका छोट्या हॉलमधे आमच्या टेक्नो नाइटला जे साऊंडवाले काका आले होते, त्यांचं अख्खं आयुष्य लग्नं आणि गणपतीत गेलेलं. साडेदहाला मला विचारत होते, मॅडम, गाणं कधी सुरू होणार? बारा वाजता मिक्सरपाशी उभे, मान हलतेय. त्यानंतर कुणी न सांगता त्यांनी स्वतःच वरचे तीक्ष्ण आवाज थोडे कमी केले, सबवूफरसमोरच्या (खालचा जड आवाज देणारा स्पीकर) खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या आणि म्हणाले, ह्याला खाली मोकळं लागतं. दोन तासांत हे कळलं त्यांना, कारण त्यांना पातळ करून काही दिलं नव्हतं!

आपल्या मुंबईचे चरणजित सिंग तर सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे, म्हणजे पक्के मेनस्ट्रीम. त्यांनी 1982 ला 808 हे ड्रम मशीन आणि 303 हे बेसचं मशीन घेऊन दहा राग डिस्को बीटवर वाजवले. रेकॉर्ड फारशी खपली नाही. शिकागोच्या पोरांनी तेच 303 पिळून अ‍ॅसिड हाउस हा नवा नाचाचा प्रकार 1987 मधे आणला, आणि चरणजितजींची रेकॉर्ड 2010 ला पुन्हा निघाली तेव्हा तसाच आवाज पाच वर्षं आधीचा ऐकून सगळे चाट पडले. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात स्टेजवर वाजवत होते. ऐकणारे यायला अठ्ठावीस वर्षं लागली, पण त्यासाठी त्यांना भैरव बदलावा लागला नाही.

तेव्हा कंपनीला लेखी कळव की सेट तुम्ही ठरवणार, आणि 40 ऐवजी 90 मिनिटं माग, भले दुपारचा चारचा स्लॉट देऊ देत. नाही म्हणाले तर सोडून दे, वाईट वाटून घेऊ नकोस. हो म्हणाले तर तुमच्या महिन्याच्या नाइटची तारीख मात्र त्या शोसाठी हलवू नका, ते साठ-सत्तर लोक पावसात भिजत येतात तुमच्याकडे. आणि पुढची नाइट कधी ते मला कळव, मी येते.