वाचकांचे प्रश्न: गरोदर, बाळंतीण आणि बाळासाठी ऑनलाइन सेवा उभारताना

प्रश्न : आम्ही दोन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक बालरोगतज्ज्ञ मिळून व्हिडिओ सल्ला सुरू करतो आहोत. कोणतं ॲप घ्यावं?

ॲप सगळ्यात शेवटी निवडा. आधी दुरून काय भागेल आणि काय भागणार नाही, हे लिहून काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या शिफारशीनुसार गरोदरपणात किमान ८ भेटी हव्यात. पहिली १२ आठवड्यांच्या आत आणि पुढच्या २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ व ४० व्या आठवड्यात. पोट तपासणं, रक्त-लघवी, सोनोग्राफी यांसाठी प्रत्यक्ष यावंच लागतं. म्हणून ऑनलाइन भेटी या आठांच्या अधेमधे बसवा, त्यांच्या जागी नकोत. अहवाल समजावणं, गोळ्यांचे त्रास, अंगावर पाजताना येणाऱ्या अडचणी, गर्भनिरोधकाचा सल्ला हे सारं फोनवर उत्तम होतं. (इस्ट्रोजेन असलेली गोळी द्यायची तर आधी बीपीचा आकडा हवा, आणि डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी आहे का हे विचारायला हवं.)

अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, सुरुवातीच्या आठवड्यांत ओटीपोटात एका बाजूला दुखणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप : यांना भेटीची वेळ देऊच नका, थेट रुग्णालयात पाठवा. नेहमी दिसणारा घोटाळा असा, की वेळ आधी निवडायची असते आणि तक्रार नंतर लिहायची असते. मग रक्तस्राव होत असलेल्या बाईला उद्या सकाळी अकराची वेळ मिळते आणि ती निश्चिंत होऊन वाट पाहते. हे प्रश्न वेळ निवडण्याच्या आधी, हो-नाही स्वरूपात विचारा.

प्रश्न : घरी मोजलेलं बीपी आणि दवाखान्यातलं बीपी जुळत नाही. घरच्या आकड्यावर विसंबावं का?

विसंबता येतं, पण मोजण्याची शिस्त हवी. पहिला संशय पट्ट्यावर घ्या. दंडाला अपुरा पडणारा पट्टा आकडा फुगवतो, त्यामुळे यंत्र देण्याआधी दंडाचा घेर मोजा. मोजण्याआधी लघवीला जाऊन यावं आणि ५ मिनिटं शांत बसावं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, दंड हृदयाच्या पातळीवर. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोन आकडे घ्यावेत. यंत्र गरोदरपणासाठी तपासलेलं आहे ना, हेही पाहा. काही स्वयंचलित यंत्रं प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या गंभीर आजारात), म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, आकडा कमी दाखवतात.

वरचा १४० किंवा खालचा ९० झाला, की पुन्हा मोजून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं व्हावं. वरचा १६० किंवा खालचा ११० आला, तर १५ मिनिटांत पुन्हा मोजा. तसाच राहिला तर तडक रुग्णालय. कडक डोकेदुखी, अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर दुसऱ्या मोजणीसाठीही थांबू नये.

अशी सेवा सर्वाधिक उपयोगी पडते ती बाळंतपणानंतर. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातं आणि तोवर बाळंतीण बहुधा घरी पोचलेली असते. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल, तर निदान पहिले १० दिवस रोज आकडे मागवा.

आकडा आला, पण तो पाहिला कोणी? सेवा बहुतेक इथेच कोसळते. कामाच्या प्रत्येक पाळीला एका व्यक्तीचं नाव ठरवा. तिने ठरलेल्या मिनिटांत ‘पाहिलं’ असं नोंदवलं नाही, तर इशारा आपोआप दुसऱ्याकडे जावा. रात्री कोणी नसेल, तर ॲपने तसं स्पष्ट सांगावं. वरचा आणि खालचा आकडा वेगळ्या चौकटीत घ्या, ‘१४’ किंवा ‘१४००’ तिथेच अडवा, आणि देवनागरी अंक स्वीकारले जातात का हे स्वतः टाइप करून पाहा.

प्रश्न : गर्भपात झाल्यानंतरही ‘तुमचं बाळ आता इतकं मोठं झालं’ असे संदेश जात राहतात. हे कसं थांबवायचं?

संदेश फक्त प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून सुटत असल्यामुळे हे होतं. गरोदरपणाला ‘चालू, प्रसूती झाली, गर्भ गेला’ अशी वेगळी स्थिती द्या आणि संदेश निघण्याच्या क्षणी ती तपासा. आठवड्याचे संदेश आधीच रांगेत लावून ठेवू नका. स्थिती बदलण्याचं बटण डॉक्टर, नर्स आणि त्या स्त्रीकडेही असावं. तिला कारण लिहायला लावू नये. जुळ्यांपैकी एक गेलं असेल, तर स्थिती प्रत्येक गर्भाची वेगळी लागते. हे नंतर जोडायला फार जड जातं, म्हणून पहिल्याच आराखड्यात घ्या.

प्रश्न : घरात एकच फोन असतो. नाजूक गोष्टी कशा विचारायच्या?

स्क्रीनवर झळकणाऱ्या संदेशात आजार, गर्भधारणा, तपासणी यांतलं काही नको. ‘उद्या ४ वाजता फोन येईल’ एवढं पुरे. कॉल जोडताच ती आत्ता कुठे आहे आणि कॉल तुटला तर कोणता नंबर लावायचा, हे लिहून घ्या. रुग्णवाहिका पाठवायची झाली तर हेच लागतं. घरातल्या मारहाणीबद्दलचे प्रश्न ‘हो-नाही’त उत्तर देता येतील असे ठेवा आणि ती एकटी असल्याची खात्री नसेल तर विचारूच नका. हा विषय प्रत्यक्ष भेटीसाठी राखावा.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिनबरा प्रश्नावली फोनवर भरून घेता येते : १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, एकूण गुण ०–३०. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी असले, तरी त्याचं उत्तर शून्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी फोन गेलाच पाहिजे. उत्तरं लगेच पाहणारं कोणी नसेल, त्या वेळी ही प्रश्नावली पाठवू नका.

प्रश्न : व्हिडिओवर बाळाचा श्वास मोजता येतो का?

येतो, पण चित्र अडखळलं की चुकतो. बाळ शांत असताना छाती उघडी ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. आईला प्रत्येक श्वासाला मोठ्याने आकडा म्हणायला सांगा, घड्याळ तुम्ही पाहा. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन ते बारा महिने ५०, एक ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर बाळाला प्रत्यक्ष तपासायला बोलवा. काविळीचा अंदाज मात्र पडद्यावरच्या रंगावरून बांधू नका. दिव्याच्या उजेडात आणि कॅमेऱ्यात पिवळेपणा सहज बदलतो.