वाचकांचे प्रश्न : कुमसार झाला, मग घरी का सांगायचे?

प्रश्न : मी नगरकडच्या प्रोटेस्टंट कुटुंबात वाढले आणि लग्नानंतर गेली तीन वर्षे पुण्यात वानवडीला राहते. माझे यजमान मूळचे गोव्याचे, कॅथलिक आहेत. त्यांनी मला न सांगता आमच्या दोघांच्या खात्यातून साठ हजार रुपये एका मित्राला दिले आणि ते मला पासबुक भरून आणल्यावर कळले. विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘मी ईस्टरच्या आधी कुमसार केला आहे, तो विषय देवापाशी मिटला.’’ कुमसार म्हणजे फादरपाशी दिलेली पापांची कबुली. आमच्याकडे पापाची कबुली थेट देवापाशी देतात. फादर हाही माणूसच. क्षमा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आणि त्याने क्षमा केली असेल, तर मला सांगण्यासारखे काही उरतच नाही का?
— एक वाचक भगिनी, वानवडी, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला पाचशे वर्षांचा आहे, दुसरा पासबुकातल्या एका ओळीचा. दुसऱ्याचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. पण पहिल्याचा गैरसमज दूर झाल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

फादर स्वतःच्या अधिकाराने क्षमा करतात, असे कॅथलिक चर्चही म्हणत नाही. क्षमा देवाचीच असते. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांवर फुंकर घातली आणि ‘ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. हे काम त्याने प्रेषितांवर व त्यांच्यामागून येणाऱ्या धर्मगुरूंवर सोपवले, असा कॅथलिकांचा अर्थ आहे, तर ते शुभवार्ता सांगणाऱ्या सगळ्या मंडळीवर सोपवले, असा प्रोटेस्टंटांचा. वर्षातून किमान एकदा कबुली देण्याचा नियम चर्चच्या धर्माधिकाऱ्यांच्या 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. गंभीर पापे एकेक करून धर्मगुरूला सांगितलीच पाहिजेत, हे 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठामपणे मांडले. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात कॅम्पातल्या किंवा क्वार्टर गेटजवळच्या चर्चमध्ये कबुलीसाठी रांग दिसते, तिचे मूळ या नियमात आहे.

आता आपल्या बाजूविषयी. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने कबुलीच मोडीत काढली, असे आपल्याकडे अनेक जण समजतात, पण ते खरे नाही. 1517 मध्ये त्याचा रोख होता तो पैसे घेऊन पापाचा दंड माफ करणाऱ्या दंडमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीवर. खासगी कबुली आणि तिच्यानंतर ऐकू येणारे क्षमेचे शब्द त्याला प्रिय होते, आणि 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात (म्हणजे लूथरच्या बाजूने मांडलेल्या श्रद्धेच्या निवेदनात) खासगी पापमुक्ती चर्चमध्ये चालू ठेवावी, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याचे भांडण होते ते सक्तीशी, प्रत्येक पाप मोजून सांगण्याच्या अटीशी आणि प्रायश्चित्ताची कृत्ये करून आपण देवाचे देणे फेडतो या समजुतीशी. पुढे बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत एकेकट्याची कबुली मागे पडली आणि उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची कबुली राहिली.

ती कबुली मी लहानपणापासून म्हणत आलो आहे. विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केले, असे शंभर माणसे एका सुरात म्हणतात, पाळकसाहेब क्षमेचे वचन वाचतात, आणि पुढचे गीत सुरू होण्याआधी बाकांचा करकर आवाज होतो. सगळे मिळून एका मिनिटाचे काम. त्या मिनिटात मी नेमके कोणते पाप मनात आणले, हे मला पुष्कळदा सांगता आले नसते. कॅथलिक मित्र कबुलीच्या कोठडीत फादरसमोरच्या जाळीपलीकडे गुडघे टेकून शेवटच्या कबुलीला किती दिवस झाले इथपासून सुरुवात करतो, त्याला ही पळवाट नसते. त्याला गोष्ट तिच्या नावानिशी तोंडाने सांगावी लागते. म्हणून थेट देवापाशी जाणे हे आपोआपच अधिक प्रामाणिक ठरते, असे मला वाटत नाही.

अर्थात जाळीपलीकडेही पळवाट असू शकते, आणि आपल्या घरी बहुधा तसेच झाले आहे. मराठी कॅथलिक या संस्काराला ‘प्रायश्चित्त’ असेही म्हणतात, आणि पुण्यात या शब्दाला एक जुना वास आहे. 1890 मध्ये गुरुवार पेठेतल्या पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य (जातीतून बहिष्काराचा वाद) झाले आणि न्यायमूर्ती रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाचा पश्चात्ताप त्यांना झाला होता, असे कोणी म्हणणार नाही. विधी उरकला की विषय मिटला, हा अर्थ आपल्या कानाला तिथून चिकटला आहे. (ते मिशन चालवणारे काउली फादर्स अँग्लिकन असूनही खासगी कबुलीचे कट्टर पुरस्कर्ते होते. म्हणजे प्रोटेस्टंट बाजूही एकसुरी नाही.)

कॅथलिक शिकवण मात्र नेमकी याच्या उलट आहे. मनापासून पश्चात्ताप नसेल तर धर्मगुरूने उच्चारलेल्या क्षमेला काही अर्थ उरत नाही. पश्चात्ताप व कबुली यांच्याबरोबर तिसरी गोष्ट येते ती भरपाईची. पापमुक्तीने पाप जाते, पण पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करावे, ज्याला दुखावले त्याची भरपाई करावी, असे त्या चर्चची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरीच सांगते. बायबलातल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली, तीही येशू त्याच्या घरी आल्यावर. आणि वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करण्याची आज्ञा मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे; ती दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे.

तेव्हा यजमानांचे ‘देवापाशी मिटले’ हे वाक्य त्यांच्याच चर्चच्या हिशेबात अपुरे आहे. फादरवर गुप्ततेचे बंधन इतके कडक आहे की ते मोडणारा धर्मगुरू बहिष्कृत होतो. पण कबुली देणाऱ्यावर तसले बंधन नाही. आत काय बोलणे झाले, हे त्यांना विचारू नये, असे मी सुचवीन. ती त्यांची खासगी गोष्ट आहे. साठ हजार रुपये मात्र दोघांचे होते. ते कोणाला दिले, कधी परत येणार, आणि आपल्याला का सांगितले नाही, हे विचारण्याचा आपला हक्क कोणत्याही पापमुक्तीने संपत नाही.

मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात ‘पापे पदरी घेतली’, म्हणजे कबूल केली, असा शब्दप्रयोग आहे. आपण वाद घालण्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी पासबुक समोर ठेवून ते वचन दोघांनी मिळून वाचावे, आणि मग त्यांना बोलू द्यावे. आपल्या मनातही त्यांच्याविषयी काही साचले असेल, तर त्याच बैठकीत आपणही ते सांगावे.