‘चलनवाढ घटली’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आला आहे: “‘चलनवाढ घटली’ असा मथळा वाचला. वाढ घटली म्हणजे भाव उतरले का? वाण्याकडे तर तेल आणि खोबरं चढलेलंच आहे. चलनवाढ, भाववाढ, महागाई हे तिन्ही एकच का? आणि याच्या उलट शब्द कोणता?”

आधी मथळा. भाव उतरले असं त्यात म्हटलेलं नाही. भाव चढताहेत, पण पूर्वीपेक्षा सावकाश, एवढाच त्याचा अर्थ. पोरगा गेल्या वर्षी चार इंच वाढला आणि यंदा दोनच, तर आपण ‘वाढ मंदावली’ म्हणतो. तो आखूड झाला असं कोणी समजत नाही. घोळ घातलाय तो ‘घटली’ या क्रियापदानं. तिथे ‘मंदावली’ असतं तर हा प्रश्न बहुधा आलाच नसता.

मथळ्यात ‘महागाई घटली’ असतं तर आणखी पंचाईत. कारण महागाई हा वेग सांगणारा शब्दच नाही, तो स्थिती सांगतो. ‘महाग’ आला संस्कृत ‘महार्घ’पासून, अर्घ म्हणजे किंमत, मोल. ज्याचं मोल मोठं ते महाग, आणि सगळंच तसं झालं की महागाई. म्हणून ‘महागाई कमी झाली’ हे मराठी कानाला ‘वस्तू स्वस्त झाल्या’ असंच ऐकू येतं. आकडेवारी वेगाबद्दल बोलते आणि ऐकणारा पातळीबद्दल समजतो.

‘चलनवाढ’ची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘इन्फ्लेशन’ हा शब्द पैशाच्या संदर्भात रुळला तेव्हा तो भावांबद्दल नव्हता, कागदी चलन फुगण्याबद्दल होता. पुढे इंग्रजीत अर्थ सरकला: कारणाचं नाव परिणामाला लागलं. आपण मात्र भाषांतर करताना जुना अर्थ पकडला, चलनाची वाढ. हिंदीतली मुद्रास्फीती त्याच वाटेनं गेली. गुजरातीत नुसतं ‘फुगावो’ म्हणतात, जे मला तिघांत सर्वांत बोलकं वाटतं. झिंबाब्वेत २००९च्या जानेवारीत १०० ट्रिलियन डॉलरची, म्हणजे आपल्या हिशेबानं एक कोटी कोटीची, एकच नोट निघाली. तिथे चलनवाढ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. पण २०२२ साली रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर तेल आणि गहू भडकले. तिथे चलन कुठे वाढलं होतं? आपल्याकडे त्या एप्रिलमध्ये भाववाढीचा दर, म्हणजे वर्षापूर्वीच्या त्याच महिन्यापेक्षा भाव किती चढले तो आकडा, ७.७९ टक्क्यांवर गेला, आणि बातम्यांत लिहिलं गेलं ‘चलनवाढ’च.

तिन्ही शब्द एकच का, हे वाक्यात घालून बघा. ‘कांद्याची भाववाढ’ चालते. ‘कांद्याची चलनवाढ’ म्हटलं तर लोक हसतील. ‘कांद्याची महागाई’ अर्धवट चालते, कारण महागाई एकट्या कांद्याची नसते, घरखर्चाची असते. म्हणूनच पगारात मिळतो तो महागाई भत्ता. आणि १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांची जी संयुक्त समिती उभारली, तिच्या नावातही ‘महागाई प्रतिकार’ होतं. ‘चलनवाढ प्रतिकार’ म्हणून हातात लाटणं घेऊन रस्त्यावर कोण उतरलं असतं?

शिवाय महागाई हा निव्वळ घेणाऱ्याचा शब्द आहे. लासलगावच्या बाजार समितीत तोच कांदा वधारला तर शेतकरी ‘भाव मिळाला’ म्हणतो. दादरच्या मंडईत पोचेपर्यंत त्याची महागाई होते.

आता तुमच्या तेल-खोबऱ्याकडे. ऑक्टोबर २०२५मध्ये किरकोळ बाजारातल्या भाववाढीचा दर ०.२५ टक्का निघाला, आणि त्यात भाजीचा आकडा होता उणे २७.५७. ‘भाजी पाव हिश्शाहून जास्त स्वस्त!’ पण त्याच्या आदल्या ऑक्टोबरात भाजी ४२.१८ टक्क्यांनी चढली होती. म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरात शंभराला येणारी भाजीची पिशवी २०२४मध्ये १४२ रुपयांवर गेली आणि २०२५मध्ये १०३ वर आली. होती तिथे परतली, वर तीन रुपये. तेल आणि खोबरं मात्र त्या वर्षी चढलंच होतं, तेव्हा वाण्याचं बिल आणि बातमी दोन्ही खरी.

‘भाव स्थिर ठेवणे’ या सरकारी शब्दप्रयोगातही अशीच गंमत आहे. २०१६पासून कायद्यानं रिझर्व्ह बँकेला दिलेलं लक्ष्य आहे ४ टक्के, दोन टक्के इकडे-तिकडे चालतील. म्हणजे सगळं अगदी सुरळीत चाललं तरी शंभराची वस्तू दहा वर्षांनी १४८ची. याला ‘स्थिर’ म्हणायला आमची आई काही तयार झाली नसती. तिचा विश्वास पंचांगावर: संक्रांत यंदा काय नेसून, काय खात आली, हे बघायचं, तिनं वापरलेल्या वस्तू महागणार.

जाता जाता एक जुना शब्द. पूर्वीच्या कागदांत धान्याच्या भावाला ‘धारण’ म्हणत, आणि ती रुपयाला इतके शेर अशी सांगत. म्हणजे आकडा खाली आला की महागाई. आपण आज त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूनं मोजतो.

मी स्वतः बातमीत ‘भाववाढीचा दर’ लिहितो आणि पुढे ‘मंदावला’ किंवा ‘वाढला’. चलनवाढ हा शब्द नोटा, पतपुरवठा यांची चर्चा असेल तिथे राखून ठेवतो. तो चूक नाही, इतका रुळलाय की आता काढणं शक्यही नाही.

उलट शब्द कोशातला हवा तर ‘चलनघट’ किंवा ‘चलनसंकोच’, दर शून्याखाली गेला तरच. बोलीतला आहे ‘स्वस्ताई’, आणि तो फार सुंदर आहे. मात्र ऐकून बघा, तो नेहमी भूतकाळातच येतो: ‘तेव्हा स्वस्ताई होती हो.’ ‘सध्या स्वस्ताई आहे’ असं म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही, त्या ०.२५ टक्क्याच्या महिन्यातसुद्धा.