आधी त्वचा बघ, मग स्क्रीन

प्रिय मुली,

कोथरूडच्या स्किन क्लिनिकमध्ये तुला लेझरने केस काढायच्या खोलीत काम मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. कंपनीचा माणूस येऊन ट्रेनिंग देईल असं लिहिलंस. ते मन लावून कर, वहीत उतरवून घे. पण तो मशिन शिकवेल. समोर झोपलेल्या बाईची त्वचा कशी वाचायची, हे त्यात फारसं येत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी वाच.

१९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी एक तत्त्व मांडलं आणि आपलं सगळं काम त्यावरच उभं आहे. योग्य तरंगलांबीचा प्रकाश बेताच्या वेळेपुरता सोडला, तर आजूबाजूला फारशी इजा न करता हवी तेवढीच गोष्ट तापवता येते. आपल्या कामात ती गोष्ट म्हणजे केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला आणि त्वचेला गडद रंग देणारं द्रव्य. ते तापतं, उष्णता मुळापर्यंत जाते आणि केस पुन्हा जोमाने उगवू शकत नाही. पण मेलॅनिन त्वचेतही असतं आणि आपल्या लोकांत ते भरपूर असतं. हे केसातलं आणि ते त्वचेतलं, हे प्रकाशाला कळत नाही. ते तुला कळायला हवं.

फिट्झपॅट्रिकच्या मोजणीत त्वचेचे ६ प्रकार आहेत, १ सगळ्यांत उजळ आणि ६ सगळ्यांत गडद. तुझ्याकडे येणारे बहुतेक जण ४ आणि ५ मधले असतील. लेझरचे प्रकार तीन लक्षात ठेव: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीवर चालतं, डायोड ८०० च्या आसपास, एनडी-याग १०६४ वर. आकडा वाढतो तसं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं आणि प्रकाश खोलवर जातो. म्हणून गडद त्वचेला १०६४ सगळ्यांत सुरक्षित. मात्र बारीक केसांवर ते तितकं चालत नाही आणि दुखतंही जास्त. आयपीएल हे लेझर नव्हे. झेनॉनच्या दिव्याचा तो झोत असतो, त्यात साधारण ५०० ते १२०० पर्यंतच्या अनेक तरंगलांबी एकत्र असतात आणि नको त्या फिल्टरने अडवतात. गडद त्वचेवर त्याला मी शक्यतो हात लावत नाही.

आता स्क्रीनचं. त्यावर ‘स्किन टाइप ४’ असं बटण असतं, दाबलं की आकडे आपोआप येतात. त्या आकड्यांवर विसंबू नकोस. एकाच हाताचं उदाहरण घे. पौड रोडवरून रोज स्कूटरने कामाला जाणारी मुलगी आहे. ती तोंडाला स्कार्फ बांधते, पण सनकोट घालायचा कंटाळा करते. तिचा दंड आतून गव्हाळ असतो, कोपराखालचा हात चांगला दोन छटा गडद, आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली पुन्हा उजळ पट्टा. दंडाला जे सेटिंग सोसेल ते खालच्या हाताला चटका देईल. म्हणून दंडाची आतली बाजू आणि जिथे काम करायचं ती जागा शेजारी-शेजारी धरून बघ, तेही ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीपाशी उजेडात. टॅन ताजं असेल तर त्या दिवशी मशिन लावायचंच नाही. रविवारी सिंहगड चढून आलेली मुलगी मंगळवारी अपॉइंटमेंटला येते, तिला परत पाठव. सनस्क्रीन समजावून सांग आणि ३-४ आठवड्यांनी बोलाव. रिसेप्शनवरून कुरकुर होईल. होऊ दे.

विचारायचं ते आधीच विचारून घे. ‘पार्लरला शेवटचं कधी गेली होतीस?’ हा माझा पहिला प्रश्न असतो. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलं असेल तर मुळासकट केस गेलेला असतो, मग प्रकाश पकडणार काय? ४ आठवडे थांबायला सांग, दरम्यान रेझर चालेल. चेहऱ्याला ब्लीच केलं असेल तर केसातलं मेलॅनिनच गेलेलं असतं. पांढऱ्या केसांचंही तेच. हनुवटीवरचे पांढरे केस घेऊन एखाद्या काकू येतील, त्यांचे पैसे घेऊ नकोस. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का, ओठावर वारंवार फोड येतात का, हेही विचार. उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

शॉट देण्यापूर्वी ती जागा नीट शेव्ह केलेली हवी. वर खुंट राहिले तर ते पृष्ठभागावरच जळतात आणि मशिनच्या त्वचेवर टेकणाऱ्या काचेला चिकटतात. मग तो जळका कण पुढच्या शॉटला तापून त्वचेवर ठिपका उठवतो. काच सारखी पुसत राहा. जेल पारदर्शकच वापर. सीमा आखायच्या तर पांढऱ्या पेन्सिलीने, काळ्या-निळ्या पेनने कधीही नाही, कारण शाईही प्रकाश शोषते. तीळ आणि टॅटू झाकून घे. गडद त्वचेला पल्स, म्हणजे एका शॉटमध्ये प्रकाश सुटण्याचा वेळ, लांब ठेवायची, म्हणजे वरच्या थराला उष्णता सोडायला सवड मिळते, आणि कूलिंग पूर्ण.

पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकीची पॅच टेस्ट कर, म्हणजे आधी छोट्याशा जागेवर शॉट देऊन बघ. शॉटनंतर काही मिनिटांत प्रत्येक केसाभोवती बारीकशी लाल सूज यायला हवी, अंगावर काटा आल्यासारखी. ही आपली खूण. त्वचा राखाडी किंवा पांढरट दिसली तर हात तिथेच थांबव. आणि काहीच दिसलं नाही म्हणून लगेच आकडा वाढवू नकोस. गडद त्वचेत भाजल्याची खूण कधी दुसऱ्या दिवशी उमटते, म्हणून निदान २ दिवस जाऊ दे.

वांग घेऊन कुणी ‘फोटोफेशियल’ (चेहऱ्यावर आयपीएल) मागायला आली तर स्वतः निर्णय घेऊ नकोस. आयपीएलच्या उष्णतेने आपल्याकडचं वांग पुष्कळदा आधीपेक्षा गडद होऊन परततं. ते डॉक्टरांचं काम.

हनुवटी आणि जबड्यावरच्या केसांसाठी येणाऱ्या मुलींविषयी मला सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटतं. विशी-बाविशीतल्या असतात, बऱ्याच जणींना पीसीओडी असतं. कॉलेजला जायच्या आधी रोज सकाळी दार लावून चिमटा घेऊन बसतात, हे घरात आईलाही माहीत नसतं. रिसेप्शनवर मोठ्याने ‘चेहऱ्याचे केस ना?’ असं कुणी विचारू नये, एवढं तरी तू बघ. खोलीत आल्यावर पाळी नियमित आहे का, केस अचानक वाढले का, आवाज बदलला का, हे हळू विचार आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घाल. हार्मोन्सचा उपचार चालू नसेल तर एकीकडे आपण केस कमी करणार आणि दुसरीकडे नवे येत राहणार. आणखी एक धोका आहे. जबड्यावरच्या मऊ लवेवर कमी ताकदीचे शॉट दिले की काही जणींत केस उलट वाढतात, आणि आपल्यासारख्या त्वचेत हे जास्त दिसतं. म्हणून लवेला हात लावायचा नाही, ‘आलेच आहे तर गालही करून टाका’ असं तिने कितीही म्हटलं तरी. तिला खरं ते सांग: एका वेळी वाढीच्या टप्प्यात असलेलेच केस सापडतात, म्हणून चेहऱ्याला ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने ६-८ सिटिंग लागतात. केस बरेच कमी होतात, बारीक होतात, अधूनमधून टचअप लागतो. लग्नाला एक महिना उरलेल्या नवरीलाही हेच सांगायचं.

गॉगलबाबत कुणाचंही ऐकू नकोस. दोघींच्या डोळ्यांवर हवा, आणि त्यावर लिहिलेली तरंगलांबी मशिनच्या तरंगलांबीशी जुळायला हवी. आयपीएलचा गॉगल डायोडला चालत नाही. भुवईच्या हाडाच्या आत, पापणीजवळ शॉट द्यायचा नाही. मशिनमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. कव्हर उघडायचं नाही, बंद केल्यावरही आत कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहतो.

प्रत्येक सिटिंगचे आकडे, त्वचेची स्थिती आणि काय दिसलं ते कार्डावर लिही. कधी कुणाला भाजलंच तर थांब, गार पाण्याने भिजवलेलं कापड ठेव (बर्फ थेट लावू नकोस), डॉक्टरांना तिथेच बोलाव आणि पेशंटला जे झालं ते सरळ सांग. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून विचारपूस कर.

काही अडलं तर रात्री साडेनऊनंतर फोन कर, तेव्हा मी मोकळी असते. पेशंटचे फोटो मात्र व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस, शब्दांत सांग.

तुझी,
ताई