महिन्याचं सामान कुठून भरायचं: आमच्या घरची पद्धत आणि तिची कारणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला सहा महिने झाले, ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याने राहता, दोघंही नोकरीला. लागेल तसं फोनवरून सामान मागवता आणि महिनाअखेर बेरीज केली की छातीत धस्स होतं. सासूबाई म्हणतात डी-मार्टला जा, शेजारच्या काकू म्हणतात वाशीच्या घाऊक बाजारातून वर्षाचं भरा, आणि नवऱ्याला खालच्या वाण्याकडूनच घ्यायला बरं वाटतं. नेमकं कुणाचं ऐकायचं?

तिघांचंही ऐका, पण प्रत्येकाचं वेगळ्या वस्तूसाठी. मी डोंबिवलीत बत्तीस वर्षं घर चालवते आहे आणि हिशेबाची वही पहिल्या महिन्यापासून ठेवली आहे. त्या वहीत एकाच दुकानाचं नाव सलग सहा महिने कधी आलेलं नाही. दुकान ठरवताना मी भाव नंतर बघते. आधी स्वतःला विचारते, या वस्तूत खोट निघाली तर मला कळणार कसं, आणि ती परत कोण घेणार?

साबण, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, चहा, बिस्किटं, तेलाची पिशवी या बंद पाकिटातल्या वस्तू सगळीकडे त्याच. कंपनी, वजन, तारीख सगळं वर छापलेलं. त्यामुळे त्या जिथे स्वस्त, तिथून घ्याव्या. इथे तुमच्या सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर आहे. राधाकिशन दमाणींनी डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईला काढलं. बहुतेक जागा भाड्याने न घेता विकत घ्यायच्या आणि माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते करायचे, ही त्यांची रीत. भाड्याचा बोजा नाही, आणि रोकड लवकर मिळते म्हणून कंपन्या त्यांना कमी भावात देतात. त्यातला काही भाग छापील किमतीच्या खालच्या आकड्यात आपल्यापर्यंत पोचतो. हे एवढ्यासाठी सांगितलं, की ही सूट कुठून येते हे कळलं म्हणजे ती कशावर मिळेल हेही कळतं.

मात्र तिथे जाताना दोन गोष्टी पाळा. यादी कागदावर लिहून न्या, आणि सामानाचा मजला झाला की सरळ बिलाच्या रांगेत उभ्या राहा. कपडे, बादल्या, डबे यांच्या मजल्यावर पाय ठेवला की वाचवलेले पैसे तिथेच संपतात. दुसरं, पाकिटाच्या किमतीबरोबर वजनही वाचा. अमुक वस्तू शंभर, दोनशे, पाचशे ग्रॅममध्येच विकावी असा नियम पूर्वी होता. २०२२ मध्ये तो गेला आणि पुढे त्याऐवजी दर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात ते छापणं बंधनकारक झालं. तो आकडा बारीक अक्षरात असतो, पण असतो. एका कंपनीचं पाकीट ४५० ग्रॅमचं, दुसरीचं ५०० चं, आणि वरून दिसायला सारखी. तेलात तर फारच जपा. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्याच आकाराच्या पिशवीवर ८०० किंवा ८५० ग्रॅम लिहिलेलं असेल तर ते लिटरभर नाही, मग किंमत कितीही आकर्षक दिसो.

आता सुट्टा माल. तूरडाळ, रवा, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे, गूळ, तांदूळ. यांच्यावर काही छापलेलं नसतं, आणि पाकिटात घातले तरी आतला माल जुना की नवा ते पाकीट सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानात भाव बरा दिसला म्हणून मी दहा किलो तूरडाळ एकदम उचलली. चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या, डाळ काही शिजेना. परत न्यायला गेले तर पाकीट फोडलंय, आता घेता येणार नाही असं उत्तर मिळालं. न फोडता डाळ शिजते की नाही ते कुणाला कळणार? उरलेली नऊ किलो मी रात्रभर भिजवून भिजवून कशीबशी संपवली. त्याच वर्षी आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, म्हणजे भाईंकडून, आणलेल्या रव्याला जाळी लागलेली निघाली. मी डबा तसाच नेला. त्यांनी एक शब्द न बोलता तो पोत्यासकट बाजूला काढला आणि दुसऱ्या पोत्यातला दिला. त्या दिवसापासून सुट्टा माल मी फक्त त्यांच्याकडून घेते. किलोमागे दोन-चार रुपये जास्त जातात, ते मी आनंदाने देते.

भाई अजून एक गोष्ट देतात, ती म्हणजे माहिती. “ताई, हे शेंगदाणे खवट लागतील, पुढच्या आठवड्यात नवे येतायत, आता पाव किलोच घ्या,” असं सांगणारा माणूस मला हवा असतो. तुमच्या खालच्या वाण्याशी असं नातं सहा महिन्यांत जुळतं, फक्त त्यासाठी त्याच्याकडे नियमित जावं लागतं. निव्वळ कढीपत्ता, काडेपेटी आणि संपलेल्या मिठासाठी गेलात तर तो तुम्हाला का ओळखेल? आणि कराचंही बघा. १८ जुलै २०२२ पासून आधीच पाकीटबंद करून लेबल लावलेल्या डाळी, पीठ, तांदूळ यांवर, पाकीट २५ किलोपर्यंतचं असेल तर, पाच टक्के जीएसटी लागू झाला. पोत्यातून समोर तोलून दिलेल्या मालावर तो नाही. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा त्या वर्षीचा शिक्का आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या. विचारायला संकोच करू नका, चांगला दुकानदार स्वतः दाखवतो. पाकिटातल्या वस्तू मात्र त्याच्याकडे बहुतेक छापील किमतीलाच मिळतात, आणि कमी खपणारं पाकीट असेल तर तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका.

वाण्याबद्दल मी इतकं आपुलकीने लिहितेय त्याला कारण आहे. माझं बालपण नायगावचं, वडील गिरणीत. नायगावातच १९४८ साली गिरणी कामगारांनी मिळून अपना बाजार उभा केला. पगार झाला की आई मला घेऊन तिथे जायची. तांदूळ निवडलेला, भाव फळ्यावर लिहिलेला, कुणाशी घासाघीस नाही. दुकान आपल्यासारख्यांच्याच मालकीचं आहे याचा तिला अभिमान होता. (ज्या दमाणींबद्दल वर लिहिलं, त्यांनीही डी-मार्टच्या आधी नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवली होती.) मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, आणि घरात पगार येणं बंद. रोख पैसे लागतील अशा कुठल्याही दुकानाची पायरी चढायचा प्रश्नच उरला नाही. तेव्हा चाळीखालच्या वाण्याने आम्हाला जवळजवळ वर्षभर खात्यावर तांदूळ, गूळ, चहापूड आणि रॉकेल दिलं. लाल कापडी पुठ्ठ्याची ती छोटी वही अजून आईच्या ट्रंकेत आहे. वडील शेवटी मालवणजवळच्या गावी गेले, काजूच्या हंगामात पैसे पाठवत राहिले, आणि ते खातं फिटायला चार वर्षं लागली. त्या माणसाने एकदाही दारात येऊन आवाज चढवला नाही.

तुमच्या दोघांच्या नोकऱ्या सुरळीत राहोत. पण २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा हेच बघितलं. आमच्या इमारतीतल्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना फोनवरून काही मागवता येत नव्हतं. भाईंचा मुलगा रोज सकाळी त्यांच्या दाराशी दूध आणि पाव ठेवून जायचा.

वाशीहून वर्षाचं भरा म्हणणाऱ्या काकूंचं काय? मसाला आणि दाणा बाजार मशीद बंदरहून वाशीला गेला तो नव्वदच्या दशकात, आणि मोठ्या कुटुंबाला तिथून भरणं परवडतं हे खरंच आहे. पण तुम्ही दोघं, डबे दोन वेळचे, घर भाड्याचं. खाडीजवळच्या दमट हवेत पन्नास किलो गहू ठेवायचा तर मेमध्ये ऊन देणं, निवडणं, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरणं, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघणं आलं. ते करायला घरात कुणी नसेल तर वाचलेले पैसे किड्यांच्या तोंडी जातात. गहू महिन्याला आठ-दहा किलो आणा आणि जवळच्या गिरणीतून थोडा थोडा दळून घ्या. तांदूळ मात्र तीन महिन्यांचा आणायला हरकत नाही, जुना झाला तर मोकळाच होतो. वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाचं. त्यामुळे पोत्यावर नुसतं नाव वाचून थांबू नका, माल वाडा तालुक्यातलाच आहे का ते विचारा. एक किलो आणून, शिजवून, मगच जास्त घ्या.

वर्षाची खरेदी करायचीच असेल तर ती मसाल्याची करा. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत जायचं, रंगासाठी बेडगी घ्यायची, तिखटासाठी लवंगी किंवा गुंटूर, चवीला थोडी संकेश्वरी. मिरची हातात घेऊन हलवायची, आतलं बी खुळखुळलं तर ती सुकलेली. मुठीत दाबल्यावर दबून राहिली तर ओली आहे, वजनाला जास्त भरेल आणि बुरशी येईल. धणे, दगडफूल, त्रिफळ, बडीशेप, नागकेशर सगळं तिथेच मिळतं, तिथेच भाजून देतात आणि डंकावर कुटूनही देतात. आमची पद्धत मिरची घरी आणून देठं काढायची, दोन उन्हं द्यायची, आणि मग डंकावर न्यायची. आपली मिरची कुटून होईपर्यंत शेजारीच उभं राहायचं, नाकाला कितीही झोंबलं तरी. पाऊस लागायच्या आत बरणीत, वर हिंगाचे खडे. दोघांना दीड किलो मिरचीचा मसाला वर्षभर पुरतो. बाजारातली पाकिटं आणि हा मसाला यांच्या किमतीची तुलना मी कधी केली नाही, करणारही नाही. आमच्या घरची माशांची आमटी त्याच मसाल्याची असते.

आणखी एक वाट आहे, जी तुमच्या तिघांपैकी कुणी सुचवली नाही: मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ पासून चालू आहे. आसपासची काही घरं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, पैसे भरतात, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांचं सामान एका घरी येतं. मग सभासदच मोजून वाटून घेतात. एकत्र मागणी असल्याने मधले व्यापारी टळतात आणि माल निवडायला जाणती माणसं बसलेली असतात. आमच्या संघात वीस घरं आहेत. आमच्याकडे वाटप असतं त्या संध्याकाळी हॉलभर पिशव्या, आणि कुणाकडे साखर एक किलो जास्त गेली त्याचा शोध. सामानाइतकीच मला त्यातली शिस्त उपयोगी पडली. पुढच्या महिन्यात काय लागेल याची यादी आज लिहायची तर डब्यात डोकवावं लागतं, आणि डब्यात डोकावलं की निम्म्या वस्तू घरात आहेतच हे कळतं. दोघंही नोकरीवाले असाल तर महिन्यातून एक संध्याकाळ यात जाते, बाकी धावपळ वाचते. तुमच्या संकुलात संघ आहे का ते विचारा, नसेल तर शेजाऱ्यांना गोळा करून सुरू करा.

भाजीसाठी जवळ शेतकरी आठवडी बाजार भरत असेल तर तिथे जा. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून बाहेर आला, तेव्हापासून शहरांमध्ये असे बाजार वाढले. पालेभाजीचा ताजेपणा तिथे वेगळाच असतो.

राहिला फोन. मी त्याला वाईट म्हणणार नाही. माझ्या मुलीचं बाळ तापाने फणफणलं होतं तेव्हा रात्री अकराला दहा-पंधरा मिनिटांत ओआरएस आणि केळी दारात आली, आणि मी मनापासून हात जोडले. पण तुम्ही लिहिलंय की आठवड्यात सहा-सात वेळा मागवता. मग सगळा खर्च तिथेच आहे. दर वेळी घरपोच आणण्याचे, हाताळणीचे, रक्कम कमी असल्याचे पैसे लागतात. आणि ते टाळायला म्हणून आपण चिप्सचं पाकीट वाढवतो. वस्तूची किंमत बघू नका, शेवटी किती कापले ते बघा. गेल्या महिन्याच्या सगळ्या ऑर्डरी कागदावर उतरवून काढा. त्यातल्या किती वस्तू शनिवारीच माहीत होत्या, त्यावर खूण करा. त्या खुणा केलेल्या वस्तू पुढच्या महिन्यापासून यादीत जातात. उरलेल्या फोनवरून मागवा, निर्धास्त मागवा.

यावेळी सुरुवात छोटी करा. पाकिटांसाठी महिन्यातून एकदा डी-मार्ट, डाळी-रवा-पोहे खालच्या वाण्याकडून, आणि स्वयंपाकघरात एक वही. आणि लालबागला जाल तेव्हा सकाळी दहाच्या आत पोचा, गर्दी वाढली की दुकानदाराला मिरची दाखवायला वेळ नसतो. सासूबाईंना सोबत न्या. कशात किती घालायचं ते प्रमाण त्यांच्याकडे असेल, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही.